पुराच्या छावणीतले दिवस



या अंकात नेहमीप्रमाणे बेणे, खत, पाणी यांविषयी न लिहिता थोड्या वेगळ्या विषयावर लिहितो आहे. विषय वेगळा असला तरी नदीकाठच्या सभासदाला तो परका नाही.

माझं बिऱ्हाड नाशिकच्या इंदिरानगरात. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. गोदावरीला महापूर आला, दुतोंड्या मारुती पाण्यात गेला. नाशिकला मारुती बुडाला म्हणजे खाली निफाड तालुक्यात काय होणार, हे जाणत्यांना सांगावं लागत नाही. नांदूर मधमेश्वरच्या फुगवट्यामुळे सायखेडा, चांदोरीत पाणी शिरलं. २०१६ च्या ऑगस्टमध्येही तेच झालं होतं. पाणी चढण्याआधीच माणसं जमेल ते घेऊन शाळांत आणि नातेवाइकांकडे गेली.

आमच्या इंदिरानगरातल्या शेजाऱ्यांनी मदत गोळा केली. दोन दिवसांत टेम्पो भरला. मीच पुढे होतो, म्हणून चूकही माझीच. निम्मा टेम्पो जुन्या कपड्यांचा! साड्या होत्या, पण परकर नव्हते. छावणीतली एक बाई म्हणाली, "भाऊ, कपडे पुष्कळ झाले. माझ्या सासऱ्यांची बीपीची गोळी परवापासून नाही, तेवढी बघा." त्या दिवशी मला समजलं की, काय लागतं हे आधी विचारावं आणि मग गाडी भरावी.

छावणीतला दिवस पहाटेच सुरू होतो, तो संडासच्या रांगेने. बायका अंधार असतानाच उठतात. पुष्कळजणी तर दिवसा पाणीच कमी पितात, सारखं जावं लागू नये म्हणून. मग चहा, खिचडी. खिचडी पहिल्या दिवशी गोड लागते, चौथ्या दिवशी लेकरं तोंड फिरवतात. दुपारी एका बोर्डापाशी दहा मोबाईल चार्जिंगला. कुणी ओले झालेले सातबारे, बँकेचं पासबुक, कारखान्याचा शेअर दाखला फरशीवर वाळत घालतो. पुरुष माणसं गप्प बसून असतात. तासातासाने उठून पाणी किती उतरलं ते बघून येतात. हाताला काम नसणं हेही एक दुखणंच आहे. ज्या छावणीत स्वयंपाक, झाडलोट, पाणीवाटप यांची कामं तिथल्याच माणसांना वाटून दिली होती, तिथे भांडणं कमी दिसली.

त्याच आठवड्यात कृष्णा-पंचगंगेने कोल्हापूर-सांगलीकडे हाहाकार केला. पश्चिम महाराष्ट्रात चार लाखांहून अधिक लोकांना हलवावं लागलं. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटून माणसं दगावली. तिकडेही आणि इकडेही एकच गोष्ट ऐकली: लोक वेळेवर निघत नाहीत ते जनावरांपायी. "म्हस दावणीला ठेवून मी कुठं जाऊ, साहेब?" असं एक म्हातारी मला म्हणाली. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. जनावराची सोय केल्याशिवाय माणसाची सोय होत नाही, हे आपण शेतकऱ्यांनी तरी विसरू नये.

इथे आपला कारखाना उपयोगी पडू शकतो. पावसाळ्यात गाळप बंद असतं, आवार मोकळं असतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने छावणीसाठी किमान प्रमाणं ठरवून दिली आहेत: माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, पिण्याचं पाणी रोज ३ लिटर, ३० माणसांमागे एक संडास. हिशेब करून बघा. दहा हजार चौरस फुटांच्या गोडाऊनमध्ये सुमारे २६५ माणसं बसतात. त्यांना ९ संडास आणि रोज ८०० लिटर पिण्याचं पाणी हवं. पण सोबत शंभर मोठी जनावरं आली, तर त्यांनाच दिवसाला पाच हजार लिटरच्या आसपास पाणी लागेल. टँकरचा हिशेब जनावरं धरूनच केला पाहिजे.

चाऱ्याबद्दल एक सूचना. अशा वेळी ऊसच कापून घातला जातो. पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं. कुट्टी करून, कडबा किंवा दुसरा कोरडा चारा मिसळून द्यावा, सोबत क्षार मिश्रण द्यावं. घटसर्प, फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी.

गावी परतल्यावर उसाकडे धावाल. आधी घरातला गाळ काढा, विहिरीत ब्लिचिंग टाका, पंचनामा होईपर्यंत नुकसानीचे फोटो ठेवा. उसाचा शेंडा पाण्याच्या वर राहिला असेल तर घाबरू नका, चर काढून पाणी वाहतं करा. पोंग्यात गाळ बसून शेंडा कुजला असेल, तर मात्र तो ऊस वाढणार नाही. त्याची नोंद गट ऑफिसला लगेच द्या.

आता माझी सूचना. दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक गटाच्या चिटबॉयने नदीकाठच्या वस्त्यांची यादी करावी: घरात माणसं किती, अंथरुणावरचं म्हातारं कोण, गरोदर बाई कोण, रोजची औषधं कुणाला, जनावरं किती, ट्रॅक्टर-ट्रॉली कुणाची. उसाची नोंद आपण गुंठ्यागुंठ्याने ठेवतो. मग माणसांची का ठेवू नये? आणि सभासदांनी घरचे कागद, औषधांची चिठ्ठी, बॅटरी, बायकांचे पॅड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवावेत.

ही सूचना मी वार्षिक सभेपुढे ठेवणार आहे. त्या म्हातारीची म्हैस त्या वेळी वाचली, शेजारच्या पोरांनी रात्रीतून उंचावर नेली म्हणून. पुढच्या वेळी तिला पोरांच्या भरवशावर राहावं लागू नये. आपल्या कारखान्याची ट्रॉली तिच्या दारात पाण्याआधी पोचावी, एवढंच मागणं आहे.

— ऊस विकास अधिकारी