विश्लेषण : स्वस्तात बांधलेले घर महाग का पडते?

वसमत तालुक्यातील हट्टा असो की पुणे, घर बांधायला काढले की पहिला प्रश्न ठरलेला : फुटाला काय भाव? पण वास्तुशांत झाली म्हणजे खर्च संपला असे होत नाही. वीजबिल, पाण्याचे टँकर, गळती आणि डागडुजी पुढची ४०-५० वर्षे सुरूच राहते. हा सगळा हिशेब एकत्र मांडण्याची पद्धत म्हणजे 'आयुष्यभराचा खर्च'.

हा हिशेब कसा मांडतात?

बांधकामाच्या खर्चात वीज, पाणी, दुरुस्ती आणि वस्तू बदलण्याचा खर्च मिळवायचा. शेवटी भंगारातून येणारी रक्कम वजा करायची. वीस वर्षांनी वाचणाऱ्या शंभर रुपयांचे मोल आजच्या शंभरांइतके नसते, म्हणून पुढची बचत थोडी कमी धरतात.

साधे उदाहरण पंख्याचे. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास, वर्षात ३०० दिवस चालला तर २७० युनिट वीज लागते. २८ वॅटच्या बीएलडीसी पंख्याला सुमारे १०१ युनिट पुरतात. युनिटला ७ रुपये धरले तर वर्षाला जवळपास १,१८० रुपये वाचतात. नवा पंखा १,५०० रुपयांनी महाग असला, तरी फरक सव्वा वर्षात वसूल होतो. त्यानंतरची बचत घरमालकाची.

हरित प्रमाणपत्र कोण देते?

भारतात 'गृह' आणि 'आयजीबीसी' ही दोन नावे प्रमुख आहेत. 'गृह' ही पद्धत टेरी संस्था आणि केंद्रीय अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने आणली. तीत एक ते पाच तारे मिळतात. 'आयजीबीसी' ही सीआयआय या उद्योग संघटनेने २००१ मध्ये स्थापन केलेली परिषद. दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवनाला 'गृह'चे पाच तारे आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिका 'गृह' मानांकन असलेल्या इमारतींना मालमत्ता करात सवलत देते. लहान इमारतींसाठी 'स्वगृह' ही सुटसुटीत पद्धतही आहे.

हट्ट्यातील घराला त्याचा उपयोग काय?

प्रमाणपत्रासाठी शुल्क आणि कागदपत्रे लागतात. दोन खोल्यांच्या घराला त्याची गरज नाही. पण त्यामागचे निकष कोणीही वापरू शकतो. पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या कमी, समोरासमोर हवा खेळेल अशी दारे-खिडक्या, खिडकीवर रुंद छज्जा आणि स्लॅबवर पांढरा थर, एवढ्यानेही उन्हाळ्यातला ताप कमी होतो. नुसत्या पत्र्याचे छत आज स्वस्त वाटते. एप्रिल-मे महिन्यांत त्याची किंमत कूलरच्या बिलात चुकवावी लागते.

पाण्याचेही तसेच. १०० चौरस मीटर छतावर वर्षात ८०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के साठवला किंवा जिरवला, तर ६४ हजार लिटर पाणी हाती येते.

मग जुने माळवद बरे नव्हते का?

जाड भिंतींचे माळवद थंड असते, हे खरे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड छपरांखाली हजारो माणसे दगावली. हिंगोली जिल्ह्यालाही २१ मार्च २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. म्हणून जोते, लिंटेल आणि छताच्या पातळीवर भूकंपरोधक पट्टे घालण्याचा खर्च टाळू नये. जे घर धक्क्यात टिकत नाही, त्याचा आयुष्यभराचा हिशेब कितीही चांगला दिसला तरी व्यर्थच.

गवंड्याशी बोलताना काय विचारावे?

फुटाचा भाव विचाराच. सोबत आणखी तीन प्रश्न विचारा : छत किती तापेल, पाणी कुठे जाईल आणि दहा वर्षांनी कशाची दुरुस्ती निघेल? नकाशा कागदावर असताना बदल करणे सोपे. स्लॅब पडल्यावर तोच बदल खिशाला जड जातो.