अव्यवस्थेचे कथन : ‘माझा प्रवास’च्या संहितेविषयी

समाजातील उलथापालथ नोंदविणारे मराठी शब्द काळाच्या ओघात सौम्य होत गेले, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. पेशवेकालीन कागदपत्रांत ‘धामधूम’ म्हणजे फौजांच्या हालचालींनी मुलखात उडालेली दाणादाण; आज धामधूम लग्नाची किंवा दिवाळीची असते. ‘गर्दी’ या शब्दात पूर्वी दंगल, लूट आणि पळापळ होती. आज ती बाजारात किंवा आगगाडीच्या डब्यात असते. (नारायणराव पेशव्यांच्या वधातील ‘गारदी’ हा वेगळा शब्द, त्याची याच्याशी गल्लत करू नये.) १७६१ च्या पानिपतच्या संहाराशी निगडित असलेली ‘भाऊगर्दी’ तर आता निवडणुकीतील उमेदवारांची संख्या सांगण्यासाठी सहज योजली जाते. एखाद्या आपत्तीला नाव मिळाले की तिची धार जाते आणि ती व्यवहाराच्या भाषेत सामावली जाते. साहित्याच्या बाबतीतही असेच घडते का, हा प्रश्न विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’च्या संदर्भात विचारण्यासारखा आहे.

कोकणातील वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली वयाच्या तिशीत चुलत्यासह उत्तरेकडे निघाले. घरची ओढग्रस्त स्थिती आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार ही वार्ता, एवढेच या प्रवासाचे कारण होते. त्यांना दक्षिणा हवी होती. इतिहास त्यांच्या वाटेत आला. या प्रवासाची हकीकत गोडसे यांनी पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सूचनेवरून लिहिली. हस्तलिखित १८८३ साली सिद्ध झाले आणि वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले.

बखरकार आणि गोडसे यांच्यातील अंतर येथे लक्षात घ्यावे लागते. बखर ही बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून, दरबाराच्या बाजूने लिहिलेली असते. पराभव कितीही मोठा असला, तरी कोणाचा तरी दुराग्रह, कोणाची तरी फितुरी किंवा शेवटी दैव असे त्याचे कारण बखरकाराच्या हाती असते. कारण सापडले की विस्कळीत घटनांना ओळ लागते. गोडसे यांच्याजवळ असे कारण नाही. काडतुसांची हकीकत त्यांच्या कानी पडते ती वाटेत भेटलेल्या शिपायांकडून, तीही इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे मांडलेल्या धर्मबुडव्या कलमांच्या अफवेत मिसळून. अफवा आणि वृत्त यांत ते भेद करीत नाहीत. इतिहाससंशोधकाला हा दोष वाटेल, आणि पुराव्याच्या दृष्टीने तो आहेही. परंतु अव्यवस्थेत सापडलेल्या माणसाचे ज्ञान असेच असते. खरे कोणते आणि खोटे कोणते हे ठरविणारे अधिकारपीठच त्या काळात नाहीसे झालेले असते.

ग्रंथाचा गाभा झाशीच्या प्रकरणात आहे. सर ह्यू रोझ याच्या फौजेने मार्च १८५८ मध्ये झाशीस वेढा घातला. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांचा पराभव झाला आणि ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. त्या वेळी गोडसे शहरातच होते. पुढील दिवसांच्या कत्तलीसाठी ते ‘बिजन’ हा शब्द योजतात. फारसीत ‘मारा’ अशा अर्थाची आज्ञा असलेला हा शब्द येथे नाम होऊन बसला आहे. प्रेतांना विधिपूर्वक अग्नी देणारे कोणी उरले नाही, याचे दुःख भिक्षुकाच्या लेखणीतून विशेष तीव्रतेने उतरते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण सांगताना तर त्यांचा स्वर माणसांच्या मरणाइतकाच व्याकूळ होतो. पोथ्या नकलून घेण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्यांच्या दृष्टीने हे प्रमाण सुटलेले नाही.

याहून महत्त्वाचा भाग लुटीच्या वर्णनाचा आहे. ही लूट पाळीपाळीने झाली. आधी सोने-रुपे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. कोणत्या पलटणीने काय न्यावे हेही जणू ठरलेले. गोडसे हा क्रम हिशेबी बारकाईने देतात, त्यावर भाष्य मात्र करीत नाहीत. आपल्या परंपरेत ‘अराजक’ म्हणजे राजा नसणे. महाभारताच्या शांतिपर्वात राजा नसलेल्या देशात मोठा मासा लहान माशाला गिळतो, असा दृष्टांत आहे आणि दंडशक्ती हा त्यावरील उपाय आहे. झाशीत दंडशक्ती पूर्णपणे हजर होती. सेनापती होता, शिस्त होती, वाटपाचे नियम होते. रहिवाशाच्या घरात जी सर्वस्वी अंदाधुंदी आहे, ती छावणीच्या बाजूने पाहता सुव्यवस्थित कार्यक्रम ठरते. अव्यवस्था आणि सत्तेचा अभाव यांचे समीकरण मांडणाऱ्या कोणत्याही विवेचनाला हा क्रम अडचणीत आणणारा आहे. एका अल्पशिक्षित म्हणून दुर्लक्षिलेल्या भिक्षुकाने तो टिपावा, हे मराठी गद्याचे भाग्य म्हणावे लागेल.

झाशीनंतर, काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई आणि गोडसे यांची जी गाठ पडते, ती सर्वपरिचित आहे. धुळीने माखलेली, पुरुषी वेषातील राणी स्वतः विहिरीचे पाणी काढून ओंजळीने पिते. या प्रसंगाचे पुढे राष्ट्रीय चित्र झाले. मूळ कथनात मात्र तो तहान, थकवा आणि पुढचा मुक्काम यांच्यामधला एक प्रसंग आहे. अव्यवस्थेत मोठ्या आणि किरकोळ गोष्टी शेजारी शेजारी येतात. त्यांची प्रतवारी नंतर होते.

ही प्रतवारी संपादनात कशी होते, हा खरा वादाचा मुद्दा आहे. वैद्यांनी १९०७ च्या आवृत्तीत भाषा नीटनेटकी केली आणि मजकुरातही फेरफार केले. मूळ हस्तलिखिताच्या आधारे सिद्ध केलेली संहिता वाचकांस मिळाली ती दत्तो वामन पोतदार यांच्या १९६६ च्या आवृत्तीत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. वैद्यांना दोष देणे सोपे आहे आणि काहीसे अन्यायाचेही आहे. त्यांनी लिहविले नसते तर ग्रंथच नसता. शिवाय १९०७ साली, बंडाला पन्नास वर्षे होत असताना, असा मजकूर छापणे धोक्याचे होते. तरीही त्यांच्या संस्कारांमागे केवळ सावधगिरी दिसत नाही. गद्य कसे असावे याविषयी इंग्रजी शिक्षणाने घडविलेली एक कल्पनाही दिसते. मोडी वळणाच्या जुन्या गद्यात विरामचिन्हे नव्हती. वाक्य ‘आणि’, ‘मग’, ‘तो’ अशा शब्दांवर पुढे सरकत राही. पूर्णविराम आला की एक घटना संपली आणि दुसरी सुरू झाली, असा निर्णय लेखक किंवा संपादक देत असतो. पळत्या माणसाजवळ असा निर्णय नसतो.

म्हणूनच ‘माझा प्रवास’ वर्गात शिकविताना कोणती आवृत्ती हाती घ्यावी, ही बाब ग्रंथपालाच्या सोयीवर सोडण्याजोगी नाही. वैद्यांची संहिता विसाव्या शतकाच्या आरंभीची मराठी अभिरुची शिकविते आणि पोतदारांची १८५७ चा अनुभव. दोन्ही समोर ठेवून एकच प्रसंग, उदाहरणार्थ लुटीच्या दिवसांचा, ओळीओळीने ताडून पाहिला, तर विद्यार्थ्याला संहिताचिकित्सेचे तत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

एवढ्या पडझडीत गोडसे यांच्या कथनाला टिकून राहिलेला एकच धागा आहे, तो तीर्थयात्रेचा. चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी असा त्यांचा मार्ग युद्धाने वारंवार मोडला. तरी स्नान, दर्शन, दान हा क्रम त्यांनी जमेल तेव्हा पुन्हा जोडून घेतला. मिळालेली दक्षिणा वाटेत लुटारूंनी वेळोवेळी नेली. घरी परतताना खांद्यावर उरली होती गंगेची कावड.