वारा छप्पर दाबत नाही, उचलतो!

हॉस्टेलवाल्यांना छप्पर म्हणजे काय, तर पंखा टांगायची जागा. ते गळलं तर रेक्टरकडे अर्ज, बादली खाली, विषय संपला. पण घरचं छप्पर गळलं की अर्ज कुणाकडे करायचा? आमच्या वसई-विरार पट्ट्यात हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. म्हणून सिव्हिलच्या या विद्यार्थ्याने दोन गोष्टी सोप्या भाषेत सांगायचं ठरवलंय. वादळाने छपराचं काय बिघडवलं ते ओळखायचं कसं, आणि विमा त्यातलं काय भरून देतो?

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. इकडे अजून मंगलोरी कौलांची घरं आहेत, बाजूला पत्र्याचा पडवा, आणि स्टेशनच्या दिशेने गेलात की स्लॅबच्या बिल्डिंगी. म्हणजे एकाच गावात तिन्ही प्रकारची छपरं! १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं. ते जमिनीवर आलं त्या रात्री सौराष्ट्रात, पण जाता जाता मुंबईत कुलाबा भागात ताशी ११४ किलोमीटरपर्यंतच्या झोतांची नोंद झाली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं होतं. म्हणजे वादळं पूर्व किनाऱ्यावरच येतात, हे आपलं भूगोलाच्या पुस्तकातलं समाधान आता पुरत नाही.

थोडं गणित (घाबरू नका!)

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र आपल्या आय.एस. ८७५ भाग ३ या कोडमध्ये आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ११४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३१.७ मीटर. दाब आला सुमारे ६०० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ६१ किलोच्या आसपास. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हे लक्षात ठेवा. मुंबईसाठी कोडमधला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे. याचा अर्थ तौक्तेचा झोत डिझाइनच्या बराच आत होता. तरीही छपरं गेली. का?

कारण वारा छपराला वरून दाबतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात छपरावरून वेगाने जाणारा वारा वरचा दाब कमी करतो आणि छप्पर वर ओढलं जातं. त्यात एखादी खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दहा फूट बाय तीन फूट पत्र्याला वरची ओढ दीडशे किलोच्या घरात जाऊ शकते, आणि पातळ लोखंडी पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम १०-१५ किलो. तो टिकतो तो फक्त बोल्टांच्या जिवावर. बोल्ट गंजला की कोड काय म्हणतो ते वाऱ्याला विचारायचं कारण नाही.

ही ओढ सगळीकडे सारखी नसते. कडा, कोपरे, वळचण आणि आढं इथे सगळ्यात जास्त. म्हणून नुकसान शोधताना पहिली नजर तिथे टाकायची.

ओळखायचं कसं?

आधी एक सूचना. वादळ थांबलं की लगेच वर चढू नका. ओला सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो आणि लोंबणारी वायर दिसतेच असं नाही. शेजारच्या गच्चीवरून मोबाइलने झूम करून फोटो काढा. आता एकेक प्रकार घेऊ.

१) कौलारू घर : वळचणीची आणि आढ्यावरची कौलं आधी बघा. सरकलेल्या कौलाखालची रीप उघडी पडते. वाऱ्याने नुकतंच फुटलेलं कौल आतून ताजं विटकरी दिसतं. जुन्या तुकड्याची कड शेवाळाने काळी झालेली असते. दिवसा माळ्यावर जाऊन लाईट बंद करा, जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार.

२) पत्रा : बोल्टाचं भोक गोल आहे की लांबट झालंय? लांबट असेल तर पत्रा वर-खाली आपटत होता. नवीन फाट चकचकीत असते, जुनी गंजलेली. सिमेंटच्या पत्र्याची ताजी चीर स्वच्छ राखाडी, जुनी काळपट. आणि वायसर जागेवर आहेत का तेही बघा.

३) स्लॅब : स्लॅब वारा उचलत नाही. वादळानंतर सिलिंगला ओल दिसली तर बहुतेक वेळा दोष जुन्या वॉटरप्रूफिंगचा असतो, पावसाने फक्त तो दाखवून दिलेला असतो. ओलीच्या डागाला एकात एक पिवळी वर्तुळं असतील तर ती गळती अनेक पावसाळ्यांची आहे. पण गच्चीवरची पत्र्याची शेड, टाकी, सोलर पॅनेल यांना वादळाचा फटका खरोखर बसतो.

थोडक्यात काय, प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच : हे वाऱ्याने केलं की वर्षांनी? विमा कंपनीचा सर्व्हेयरही नेमका हाच प्रश्न घेऊन येतो.

विमा काय देतो?

१ एप्रिल २०२१ पासून आय.आर.डी.ए.आय. या विमा नियामकाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आणली. तिच्यात वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज पडणं, भूकंप हे सगळं मुळातच धरलेलं आहे. झाड घरावर पडलं तर तेही. घराच्या व्याख्येत कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची बसवलेली टाकी आणि सोलर पॅनेलसुद्धा येतात. मात्र पॉलिसी पैसे देते ते घटनेचे. गंज, झीज, वर्षानुवर्षांची ओल ही घटना नव्हे.

विम्याची रक्कम ठरते ती कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा खर्च अशी. फ्लॅटचा बाजारभाव इथे चालत नाही, कारण त्यात जागेची किंमतही असते आणि जागा काही वारा उडवून नेत नाही! घर राहण्याजोगं उरलं नाही तर पर्यायी जागेच्या भाड्याचीही तरतूद आहे.

घरी गृहकर्ज असेल तर एक काम आजच करा. बाबांना फोन करून विचारा, बँकेने कर्जाबरोबर जो विमा दिला तो घराचा आहे की कर्जदाराच्या आयुष्याचा? पुष्कळ घरांत दुसऱ्या प्रकारचा असतो आणि लोक समजतात घर सुरक्षित आहे.

आमच्या आळीतलं उदाहरण सांगतो. मी तेव्हा अकरावीत होतो. शेजारच्या काकांच्या घराचं तौक्तेत एका बाजूचं पाखं गेलं आणि मागच्या स्वयंपाकघराचा पत्राही उडाला. घराचा विमा होता. सर्व्हेयर आले, त्यांनी पत्र्याचे बोल्ट हातात घेतले, ते बोटाने चुरडले जात होते. पत्र्याचे पैसे नामंजूर झाले. कौलांबद्दलही शंका काढली, की आधीपासून मोडकी नव्हती कशावरून? तेव्हा काकूंनी नाताळातला घरच्यांचा फोटो आणून दिला. सगळे गोठ्यासमोर हसत उभे, आणि मागे अख्खं पाखं, एक कौल इकडचं तिकडे नाही. फोटोवर तारीख होती. कौलांचा आणि वाशांचा दावा मंजूर झाला. एकच घर, एकच वारा, आणि दोन निकाल.

दावा करताना

नुकसान दिसल्याबरोबर कंपनीला कळवा. भारत गृह रक्षेत दाव्याचा फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. आणखी पाणी येऊ नये म्हणून ताडपत्री जरूर टाका, तिचं बिल ठेवा. पण सर्व्हेयर येईपर्यंत फुटकी कौलं, वाकलेले बोल्ट फेकू नका. तेच तुमचे साक्षीदार. तलाठ्याकडून पंचनामाही करून घ्या. त्यावर सरकारी मदत मिळू शकते. अर्थात ती फार नसते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरले होते. एवढ्यात छपराचा एक कोपराही नीट होत नाही. म्हणूनच विमा.

कंपनीने दावा नाकारला, किंवा तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं, एवढंच.

आता मे महिन्यात सबमिशन संपवून घरी जाल तेव्हा एवढं करा. छपराच्या चारही कडा, आढं, कोपरे, आणि आतून सिलिंग, असे दहा-बारा फोटो काढा आणि ते स्वतःलाच मेल करून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप लागते. गंजलेले बोल्ट, फुटके वायसर बदलून घ्या. खर्च थोडा आहे, आणि घरात एक इंजिनिअर होतोय याचा आई-बाबांना पहिला पुरावाही मिळेल!