मुख्याध्यापक निवडणारे पालक

शिकागोच्या शिक्षण मंडळाच्या सर्व २१ जागा येत्या ३ नोव्हेंबरला पहिल्यांदाच मतदारांच्या हाती जात आहेत. शिक्षक संघटनेचे उमेदवार किती, सरकारी पैशावर पण खासगी संस्थांकडून चालणाऱ्या चार्टर शाळांच्या पाठीराख्यांचे किती, कोणामागे किती डॉलर उभे आहेत, हे हिशेब तिकडच्या वर्तमानपत्रांत मांडले जात आहेत. सव्वातीन लाखांच्या आसपास मुले आणि दहा अब्ज डॉलरच्या घरातले अंदाजपत्रक असलेला हा कारभार आहे, तेव्हा चुरस असणारच. तरीही या शहराकडून शिकण्यासारखी गोष्ट या मोठ्या निवडणुकीत नाही. ती त्याच शहरातल्या एका छोट्या निवडणुकीत आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत फारसे कोणी लिहीत नाही.

आधी मोठीबद्दल थोडे. १९९५ पासून शिकागोत शाळांची सूत्रे महापौरांकडे होती आणि मंडळाचे सदस्य तेच नेमत. २०१३ च्या मे महिन्यात या नेमलेल्या मंडळाने एका बैठकीत सुमारे ५० शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यातल्या बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांमधल्या होत्या. सुनावण्यांना आई-बाप येत होते, बोलत होते, रडत होते. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही त्यांच्या मताची गरज नव्हती. निवडून आलेल्या मंडळाची मागणी आधीपासून होती, पण तिला खरी धार आली ती या घटनेने. २०२१ मध्ये कायदा झाला. २०२४ मध्ये अर्धेमुर्धे मंडळ आले: १० निवडून आलेले, ११ महापौरांनी नेमलेले. त्या मतदानाच्या महिनाभर आधी महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्याशी झालेल्या वादात जुन्या मंडळाच्या सातही सदस्यांनी पायउतार होण्याचे जाहीर केले. नेमणुकीची पद्धत किती ठिसूळ असते, याचा आणखी पुरावा नको.

पण उभे राहणे सोपे नाही. २०२४ मध्ये प्रत्येक उमेदवाराला आपल्या विभागातल्या किमान १,००० मतदारांच्या सह्या आणाव्या लागल्या. सह्यांच्या कागदांवर क्रमांक हवा, गठ्ठा बांधलेला हवा, सह्या गोळा करणाऱ्याचे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र हवे. प्रतिस्पर्धी एकेका सहीवर हरकत घेऊ शकतो, आणि घेतोच. एवढे करून निवडून आल्यावर पगार नाही. नोकरी करणाऱ्या आईने संघटनेच्या किंवा धनिकांच्या पाठबळाशिवाय हे करावे, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. तिथल्या पहिल्या १० जागांचा निकाल शिक्षक संघटना ४, चार्टर गट ३ आणि स्वतंत्र ३ असा लागला. म्हणजे दहांतले सात कोणत्या ना कोणत्या फळीचे.

आता छोटी निवडणूक. १९८७ मध्ये शिकागोतल्या शिक्षकांचा संप १९ दिवस चालला. मुले घरी बसली आणि पालकांचा धीर सुटला. महापौर हॅरोल्ड वॉशिंग्टन यांनी पालक, उद्योजक, शिक्षक यांना एकत्र बसवले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले, पण पालकांची चळवळ थांबली नाही. १९८८ च्या कायद्याने जवळजवळ प्रत्येक सरकारी शाळेला स्वतःची ‘लोकल स्कूल कौन्सिल’ मिळाली. तिच्यात सहा पालक, परिसरातले दोन रहिवासी, शिक्षक आणि मुख्याध्यापक असतात, माध्यमिक शाळेत विद्यार्थीही. सर्वांत मोठा गट कोणाचा, ते उघड आहे. कौन्सिलचे काम चहा पिऊन सह्या करण्याचे नाही. मुख्याध्यापक कोण, हे ती ठरवते, चार वर्षांच्या कराराने. करार संपल्यावर त्यांना ठेवायचे की नाही, हेही तीच ठरवते. शाळेचे अंदाजपत्रक तिच्या मंजुरीने होते.

१९८९ च्या पहिल्या निवडणुकीला सतरा हजारांहून अधिक उमेदवार उभे राहिले. यात वकील-डॉक्टर होते, तसेच कारखान्यातले कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायकाही होत्या. आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद ही, की मत द्यायला किंवा उभे राहायला नागरिकत्व लागत नाही. मूल त्या शाळेत शिकते, एवढे नाते पुरते.

याने शाळा सुधारल्या का? शिकागो विद्यापीठातले संशोधक अँथनी ब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००२ साली ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी शाळेतल्या परस्परविश्वासावर पुस्तक लिहिले. पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यात विश्वास घट्ट असलेल्या शाळांपैकी साधारण दोनांत एक सुधारली. विश्वास नसलेल्या सातांत एक. २०१० च्या पुस्तकात ब्रिक आणि सहकाऱ्यांनी भरपूर सुधारलेल्या १०० प्राथमिक शाळा आणि जिथल्या तिथे राहिलेल्या १०० शाळा समोरासमोर ठेवल्या. नेतृत्व, शिक्षकांची तयारी, पालक-परिसराशी बांधिलकी, वर्गातले वातावरण आणि अभ्यासक्रमाची दिशा या पाच गोष्टी एकत्र असल्या, तरच गाडी पुढे सरकते, असे त्यांना दिसले. नुसते अधिकार दिल्याने सगळ्या शाळा उजळल्या नाहीत. अतिगरीब, हिंसाचाराने पिचलेल्या वस्त्यांत तर फारच थोड्या सुधारल्या. पण पालकांना बाहेर ठेवून शाळा सुधारते, या समजुतीला ब्रिक यांच्या कामानंतर आधार उरलेला नाही.

कौन्सिलांचे दुखणेही खरे आहे. पहिला उत्साह ओसरल्यावर अनेक शाळांत जागांइतकेही उमेदवार मिळेनात. १९९५ च्या कायद्याने काही अधिकार काढून घेतले. चार्टर शाळांना कौन्सिल नसतेच. तरीही तीन दशकांनंतर ती टिकून आहे, आणि मोठ्या मंडळात जाणाऱ्या काही जणांनी कारभाराचे पहिले धडे तिथेच घेतले आहेत.

शहराबाहेर नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या उपनगरांत अनेक मराठी कुटुंबे राहतात. तिथली शिक्षण मंडळे वेगळी आहेत. विषम वर्षाच्या एप्रिलमध्ये मतदान होते आणि उभे राहायला ५० मतदारांच्या सह्या बहुधा पुरतात. पण उमेदवार नागरिक असावा लागतो. ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे असलेले आई-बाप घराचा मालमत्ता कर भरतात, त्यातला मोठा वाटा शाळांना जातो, आणि शाळेच्या कारभाऱ्याला मात्र मत देऊ शकत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये नागरिक नसलेल्या पालकांना शिक्षण मंडळासाठी मताचा हक्क दिला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने परत बहाल केला. जे नागरिक झाले आहेत, त्या मराठी मंडळींनी ५० सह्या गोळा कराव्यात, असे मला मनापासून वाटते.

आणि महाराष्ट्र? इथे कायदा कमी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात; राज्याच्या नियमांनुसार अध्यक्ष पालकांतूनच. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदान कुठे खर्च होते ते पाहणे हे तिचे काम. पण मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार नाही, आणि निवडही बहुतेकदा ‘सर्वानुमते’ होते, म्हणजे गावातल्या वजनदाराच्या यादीने. बैठक दुपारी ठेवली की रोजंदारीवरच्या आईची मजुरी बुडते, मग तिची सही घरी येऊन घेतली जाते. विनाअनुदानित शाळांत तर २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून ठरते. तिथे दबाव टळतो, पण कोणी ‘मला काम करायचे आहे’ असे म्हटले, तरी निवड चिठ्ठीवरच राहते. महापालिकांची जुनी शिक्षण मंडळे नगरसेवकांच्या मतांवर भरत. ती गेली, त्याचे दुःख नाही. त्यांच्या जागी पालकांना काही मिळाले नाही, याचे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक जागेसाठी पालकसभेत उघडपणे नावे मागवावीत आणि एकाहून जास्त आली तर गुप्त मतदान घ्यावे. शासनाला यासाठी नवा कायदा नको, एक परिपत्रक पुरे. तोवर, मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर वर्षाच्या पहिल्याच पालकसभेत समितीची यादी वाचून दाखवायला सांगा, मुदत कधी संपते ते विचारा, आणि पुढच्या निवडीसाठी स्वतःचे नाव द्या.