गोडीवांचून मध

माघ-फाल्गुनांत नामपूरच्या शिवारांत कांद्याचे डोंगळे फुलतात. त्या पांढऱ्या गोंड्यांवर सकाळपासून मधमाशा घोंगावत असतात, आणि मोसम नदीच्या कांठचा शेतकरी त्यांस हांकलीत नाहीं. कारण बीं भरण्यास माशी लागते, हें तो जाणतो. डाळिंबाच्या बागांतहि तीच गोष्ट. तेव्हां पेट्या ठेवाव्या हें ठीकच. पण त्यांतून निघालेल्या मधास गिऱ्हाईक कोठून आणावयाचें? दुकानांतल्या स्वस्त बाटलीशीं त्याची तुलना झाली कीं खरा मध हरतो. या प्रश्नाचें एक उत्तर नाशिक शहरांत तयार होत आहे, आणि तें मद्याच्या रूपानें आहे, म्हणून आमच्या कांहीं वाचकांच्या भुंवया चढतील.

परंतु ज्या घरांत बाळंतिणीस दशमूलारिष्ट आणि लेंकरास अरविंदासव दिलें जातें, त्या घरास आसवाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. धायटीचीं फुलें घालून आंबविलेल्या त्या औषधांत मद्यार्क आपोआपच उत्पन्न झालेला असतो. चरकसंहितेंत मध्वासव आहे. आणि मधाच्या मद्यास पाश्चात्य लोक जें ‘मीड’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘मधु’चा चुलतभाऊच होय. पुण्याच्या मूनशाइन मीडरीनें २०१८ सालीं हें पेय बाजारांत आणलें. त्यानंतर नाशकांत योगिनी बुधकर व अश्विनी देवरे यांनीं ‘सेराना मीड्स’ हा कारखाना काढला. आपल्याकडील सातेरी माशीचें शास्त्रीय नांव एपिस सेराना असें आहे.

या पेयाचा सर्वांत अवघड प्रकार म्हणजे हलकें, फेसाळ आणि गोडी मुळींच नसलेलें मीड. मधाची गोडी व मधाचा वास या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें येथें ध्यानांत येतें. मधांत चार पंचमांश साखरच. लिटरभर पेयास सव्वाशें ग्रॅम मध घातला तर सुमारें शंभर ग्रॅम साखर होते, व किण्वानें ती सर्व खाल्ली म्हणजे जवळजवळ सहा टक्के मद्यार्क तयार होतो. गोडी संपली, आतां जीभेस मध कळावयाचा तो केवळ सुवासानें. आणि हा सुवास मोठा चंचल! जुन्या रीतीप्रमाणें मधपाणी उकळलें कीं तो वाफेबरोबर गेला. उन्हाळ्यांत भराभर आंबविलें, तर उसळणारा कर्बवायु त्यास बाहेर घेऊन जातो. म्हणून पाणी तापवावयाचें नाहीं, आंबवण पंधरा ते अठरा अंशांवर सावकाश होऊं द्यावयाचें, आणि मधांत नत्रयुक्त द्रव्यें अगदीं थोडीं असल्यामुळें किण्वास तेवढें खाद्य निराळें पुरवावयाचें; नाहीं तर तो उपाशी राहून दुर्गंध सोडतो.

मग शेवटीं थोडा मध वरून कां घालूं नये? कारण किण्व जिवंत असतो. बाटली भरतांना लिटरमागें आठदहा ग्रॅम मध घातला तर छान फेंस येतो; पण स्वादाच्या लोभानें तीसचाळीस ग्रॅम घातला, तर तोहि आंबून साधी बाटली फुटते, आणि कांचा डोळ्यांत जाण्याचें भय असतें. गोडी ठेवावयाचीच असेल तर किण्व गाळून काढावा किंवा उष्णता देऊन मारावा लागतो, व फेंसासाठीं वायु बाहेरून भरावा लागतो. अर्थात् हें वर्णन स्वयंपाकघरासाठीं नव्हे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य करणें हा महाराष्ट्रांत गुन्हा आहे.

गोडी गेल्यावर वास उघडा पडतो, म्हणून मध कोणत्या फुलांचा हा प्रश्न कारखानदारास जिव्हाळ्याचा. सह्याद्रीवरील जांभळाचा काळसर, किंचित् कडवट मध अशा पेयांत ओळखूं येईल. मिश्र, गाळून-तापवून निर्जीव केलेला मध येईल असें आम्हांस वाटत नाहीं. नामपूरचा प्रश्न जरा नाजूक आहे. डोंगळ्यांवरच्या ताज्या मधास कांद्याची झांक असते. ठेवल्यानें ती कमी होते, पण कोरड्या पेयांत ती कोणास नको असेल. त्याच पेट्या चैत्रांत निंबाच्या मोहराखालीं नेल्या कीं निराळाच मध मिळतो. हे दोन मध एका डब्यांत ओतूं नयेत, आणि प्रत्येक डब्यावर फूल व महिना लिहून ठेवावा. विकत घेणारा प्रथम तेंच विचारील.