रक्ताचा अहवाल आणि स्वमग्न मूल

पौड हे मुळशी तालुक्याचे ठिकाण. अशा गावातील दुकानदाराच्या घरी अडीच वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, तेव्हा ‘काही मुले उशिराच बोलतात’ अशी मनाची समजूत घातली जाते. काळजी वाढली की पुण्याची वाट धरली जाते. मग कोणी सीआरपी, इंटरल्यूकिन-६ अशा, शरीरातील दाह दर्शविणाऱ्या रक्तचाचण्या सुचवितो. आकडा थोडा अधिक निघाला की आई-वडिलांना वाटते, रोगाचे मूळ सापडले.

या चाचण्यांमागील शास्त्र निराधार नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 2005 साली स्वमग्नता असलेल्या 11 मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास झाला. त्यांत मेंदूच्या संरक्षक पेशी उत्तेजित झालेल्या आढळल्या. 2011 साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना स्वमग्न बालकांच्या रक्तात दाहकारक प्रथिनांचे प्रमाण सरासरीने अधिक दिसले. मात्र हा दाह कारण आहे की परिणाम, याचा निर्णय झालेला नाही. शिवाय ही सरासरी आहे. बाजारपेठेची एकूण उलाढाल वाढली, म्हणून एका दुकानाच्या गल्ल्यात किती भर पडली हे कळत नाही. साध्या सर्दीतापानेही सीआरपी वाढते. स्वमग्नतेचे निदान करणारी रक्तचाचणी आज उपलब्ध नाही. निदान होते ते मुलाचे वागणे, खेळणे आणि संवाद पाहूनच.

गर्भावस्थेतील संसर्गाचा धागा मात्र अधिक ठोस आहे. गर्भात रुबेलाची बाधा झालेल्या 243 मुलांपैकी 10 मुलांत स्वमग्नता आढळल्याचे स्टेला चेस यांनी 1971 मध्ये नोंदविले. गोवर-रुबेलाच्या लसीला भिणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या 2019 च्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही.

अहवालाच्या भीतीपोटी दूध आणि गहू बंद करण्याचा सल्लाही दिला जातो. जैन घरात कंदमुळे वर्ज्यच. त्यात स्वमग्न मूल मोजकेच पदार्थ खाते. दूधही गेले तर कॅल्शियम आणि ब-12 जीवनसत्त्व कोठून मिळणार? आहारतज्ज्ञाला विचारल्याविना असे करू नये. मूल एकाएकी चिडचिडे झाले तर बद्धकोष्ठता, दातदुखी, कानदुखी आधी तपासावी. बोलता न येणारे मूल वेदना वागण्यातूनच सांगते. मूळपेशी उपचारांवर लाखो रुपये वेचणाऱ्यांसाठी सांगायचे, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने 2022 मध्येच स्वमग्नतेसाठी त्या उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे.

खर्च करायचाच तर तो वाचा-उपचार आणि व्यवसायोपचारावर करावा, आणि लवकर करावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा बालकांची तपासणी करतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. औंधच्या जिल्हा रुग्णालयात बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. तेथे जाताना मुलाची श्रवणचाचणी झाली असल्यास तिचा कागद, आणि घरी खेळतानाचे दोन-तीन मिनिटांचे मोबाइल चित्रण सोबत न्यावे. अनोळखी खोलीत मूल बहुधा कोपऱ्यातच बसून राहते. घरचे चित्रण डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते.