सिनेमातलं घर कोण उभं करतं?



मालिकेतला वाडा, झोपाळा, देवघर आपण रोज पाहतो. पण त्या घराला बहुतेक वेळा तीनच भिंती असतात. चौथीच्या जागी कॅमेरा असतो. छतही नसतं, कारण वरून दिवे सोडायचे असतात. हे घर जो आखतो, त्याला कला दिग्दर्शक किंवा प्रॉडक्शन डिझायनर म्हणतात.

त्याचं काम गोष्ट वाचण्यापासून सुरू होतं. समजा, गोष्ट आपल्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या घराची आहे. मग कुडाला पऱ्हाट्या लावायच्या की तुराट्या? उतरंड कुठे, पाटा-वरवंटा कुठे? घर अडचणीत असेल, तर भिंतीचा रंग किती उडालेला? हे ठरलं की चित्र, मग लहान नमुना, मग खर्चाचा अंदाज. त्यानंतर सुतार, रंगारी, वेल्डर यांच्याकडून ठरल्या दिवसात काम करून घ्यायचं. शूटिंग संपलं की सगळं मोडायचं.

या कामात आपल्या महाराष्ट्राचं मोठं नाव म्हणजे नितीन चंद्रकांत देसाई. मुंबईत कलेचं शिक्षण घेऊन ते ‘तमस’ मालिकेत नितीश रॉय यांचे मदतनीस झाले. ‘1942: अ लव्ह स्टोरी’पासून सिनेमात त्यांचं नाव झालं. ‘लगान’साठी त्यांनी कच्छमधल्या कुनरियाजवळ मातीच्या घरांचं अख्खं गाव उभारलं. कला दिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाले. 2005 मध्ये त्यांनी कर्जतला स्वतःचा स्टुडिओ काढला. ‘जोधा अकबर’चे महाल तिथेच उभे राहिले.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. स्टुडिओवर अडीचशे कोटींच्या आसपास कर्ज थकलं होतं. 2 ऑगस्ट 2023 ला त्यांनी त्याच स्टुडिओत जीवन संपवलं. माणसाच्या मनात काय चाललं होतं, ते बाहेरून कोणी ठरवू नये. पण कर्ज कसं पोखरतं, हे वऱ्हाडातल्या बाईला सांगावं लागत नाही. म्हणून हप्ता थकला तर पहिल्याच महिन्यात गटात बोला. व्याज वाढण्याआधी मार्ग निघतो. घरात कोणी फार खचलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आता आपल्या मुलींचं. ‘चित्र काढून पोट भरते का?’ असं आपण सहज म्हणून टाकतो. पण कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ सिनेमाच्या कपड्यांसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

मुलीचा हात चांगला असेल, तर शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्यायला लावा. बारावीनंतर नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबईचं जे. जे. आहे, त्यासाठी प्रवेश परीक्षा असते. पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हेच कला दिग्दर्शन शिकवतात. मात्र एक लक्षात ठेवा. या धंद्यात महिन्याचा बांधलेला पगार क्वचित मिळतो. काम संपलं की पुढचं शोधावं लागतं, पैसेही उशिरा येतात. म्हणून कलेबरोबर हिशेब आणि बचतही तिला शिकवा. ते शिकवणं तर आपल्या गटाच्या हातातच आहे.

पुढच्या बैठकीला मुलींच्या चित्रांच्या वह्या घेऊन या. आपण सगळ्या मिळून पाहू.